पत्रकार व्हायचंय?

मुलाने ‘मला पत्रकार व्हायचंय’ म्हटले की आई-वडिलांना पहिली चिंता पडते ती पोटापाण्याची. ती अनाठायी नाही. पण तयारीने उतरणाऱ्याला या क्षेत्रात वाट सापडते.

आधी कोणत्याही शाखेची पदवी घ्यावी. नंतर पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट किंवा १९६५ साली नवी दिल्लीत स्थापन झालेली भारतीय जनसंचार संस्था यांसारख्या ठिकाणी पत्रकारितेचे शिक्षण घेता येते. या संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारिताही शिकवली जाते.

मात्र नुसत्या प्रमाणपत्रावर भागत नाही. संपादक विचारतात, ‘आजवर काय लिहिले?’ म्हणून शिकतानाच ग्रामसभा, पाणीटंचाई, शाळेचे गळके छप्पर अशा विषयांवर बातम्या लिहाव्यात, छापून आलेली कात्रणे जपावीत. प्रत्येक नाव, आकडा दोनदा पडताळावा. एका चुकीच्या नावाने निरपराध माणसाची अब्रू जाते.

तालुक्याच्या वार्ताहराला अनेकदा मानधन तुटपुंजे आणि वर जाहिराती आणण्याची अट असते. ज्याची जाहिरात आणायची, त्याच्याविरुद्ध बातमी कशी देणार? म्हणून काम स्वीकारण्यापूर्वीच ही अट स्पष्ट विचारून घ्यावी. त्यात संकोच कसला?