इन्सुलिना घोकून काय होणार?

मेडिकल स्पॅनिश शिकायचं तर म्हणे आधी हार्मोन्सची यादी! इन्सुलिना, आद्रेनालिना, तेस्तोस्तेरोना... अरे, यात शिकायचं काय? इंग्रजी शब्दाला 'आ'चं शेपूट लावलं की झालं. (गंमत म्हणजे तेस्तोस्तेरोना चक्क स्त्रीलिंगी आहे.)

घात करतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. 'कॉन्स्तिपादो' म्हणजे स्पेनमध्ये सर्दी झालेला, बद्धकोष्ठवाला नव्हे! १९८० मध्ये फ्लोरिडात १८ वर्षांच्या विली रामिरेझला बेशुद्धावस्थेत आणलं. सोबतचे म्हणाले, 'इंतोक्सिकादो'. त्यांच्या मते खाण्यातून काहीतरी बाधलं होतं. डॉक्टरांनी ड्रग्जचा ओव्हरडोस धरला. मेंदूतला रक्तस्राव वेळेवर कळलाच नाही, पोराचे दोन्ही हातपाय कायमचे गेले. दुभाषा कुणी बोलावलाच नव्हता.

असा शब्द यादीत पहिला हवा की नको? आणि हे बसलेत तिरोक्सिना घोकत!