कलम घेताना जोड पाहा

मृगाचा पाऊस पडला, की आपल्या सगळ्यांनाच झाडे लावायची हुक्की येते. रविवारी नर्सरीत जावे तर तिथे मंडईसारखी गर्दी! मुलांना मोठ्ठे फूल असलेलाच गुलाब हवा असतो, घरच्या मंडळींना ‘हापूस’ एवढा शब्द पुरतो, आणि माळी देईल ते रोप घेऊन आपण रिक्षात बसतो. मैत्रिणींनो, पावशेर वांगी घेताना आपण देठ बघतो, कीड बघतो, दोन काढून बाजूला ठेवतो. जन्मभर अंगणात राहणारे झाड मात्र असे डोळे मिटून घेतो.

आमच्या शेजारच्या वहिनींच्या अंगणात एकाच झाडापुरती जागा आहे. तिथे त्यांनी हापूसचे कलम लावले, दोन उन्हाळे बादलीने पाणी घालून जगवले. चांगल्या कलमाला चार-पाच वर्षांत फळ धरते. यांच्या झाडाला नवव्या वर्षी मोहोर आला, आणि निघाले काय, तर आंबट, धागेवाले रायवळ! लोणच्यापुरते बरे, एवढेच. आता भरल्या झाडावर कुऱ्हाड घालवत नाही, आणि दुसरे लावायला जागा नाही.

असे का होते, ते सांगते. कोयीपासून उगवलेल्या रायवळ रोपावर हापूसची काडी बांधून कलम करतात. वरची काडी वाळली, तरी खालचे रायवळ रोप जिवंतच असते. ते फुटते आणि जोमाने वाढते. पाने हिरवीगार, तजेलदार. घेणाऱ्याला वाटते, काय छान कलम मिळाले!

पण बघितले तर कळते, बरं का. खोडावर मातीपासून चार बोटांपासून वीतभर उंचीपर्यंत कुठे तरी जोड असतो. तिथे खोड जरा फुगीर दिसते, सालीचा रंगही खाली-वर वेगळा असतो. पाने त्या जोडाच्या वरून फुटलेली हवीत. जोडाखाली एखादा फुटवा असला तर तो खुडता येतो. पण वरची काडीच वाळकी असेल, तर त्याला कलम म्हणण्यात अर्थ नाही. जोडावर भेग पडलेली असेल, किंवा बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी सालीत रुतून करकोचा पडला असेल, तर तेही नको. पुढे वाऱ्याने झाड तिथेच मोडते. माळी कुरकुरला तरी निवांत बघा. डोळा भरलेल्या गुलाबालाही हाच नियम.

महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्याप्रमाणे फळझाडांच्या रोपवाटिकेला परवाना लागतो. तेव्हा परवाना विचारायला संकोच नको, आणि पावतीवर जातीचे नाव लिहून घ्या. दापोली किंवा राहुरी जवळ असेल, तर तिथल्या कृषी विद्यापीठांकडे कलमांची चौकशी करावी, हे माझे मत.

कोकमाचे तर आणखीच निराळे. त्यात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. बियांपासून केलेले रोप लावले आणि ते नर निघाले, तर सोलकढीसाठी आमसुले दुकानातूनच आणायची! म्हणून मादी झाडाच्या काडीचे कलमच मागा. देशी पपईतही फूल येईपर्यंत नर-मादी कळत नाही. तिथे एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावून फुलल्यावर नको ती काढतात.

आता पिशवी. शाळेत मी मुलांना पेल्यात मूग रुजवून मुळे दाखवते. पिशवीतली मुळे अशी दिसत नाहीत, पण तळाच्या भोकांतून जाड मुळे बाहेर येऊन जमिनीत शिरली असतील, तर ते रोप फार दिवस पडून राहिलेले आहे. आत मुळांचे वेटोळे झालेले असते आणि लावल्यावर ते लवकर धरत नाही. म्हणून उंच रोपाच्या मोहात पडू नका. बेताच्या उंचीचे, जाड खोडाचे, खालपासून फांद्या असलेले रोप लवकर पुढे जाते. जास्वंद, मोगरा घेतानाही भरपूर फुललेल्यापेक्षा कळ्या आणि कोवळी पालवी असलेले घ्या.

पान उलटून बघायला विसरू नका. जास्वंदीच्या शेंड्याला पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला, तर तो पिठ्या ढेकूण. रोपावर मुंग्यांची रांग लागली असेल, तर कुठे तरी मावा किंवा पिठ्या आहेच असे समजा. त्यांच्या चिकट गोड रसासाठी मुंग्या येतात. लिंबाच्या पानांवर नागमोडी पांढऱ्या रेघा म्हणजे आत अळी आहे. असले एक रोप घरात आले, की बाकीच्या कुंड्यांचीही वाट लागते. म्हणून नवे रोप आठ-दहा दिवस सावलीत, इतर झाडांपासून लांब ठेवावे.

लावताना पिशवी ब्लेडने कापून काढा (पिशवीसकट पुरणारेही मी पाहिले आहेत!), मातीचा गोळा फुटू देऊ नका, आणि जोड मातीच्या वर ठेवा. पुढेही पावसाळ्यात जोडाखाली फुटवा दिसला, की कोवळा असतानाच बोटाने खुडून टाका.