शंभर चेंडूंची वाट

कॅरमच्या बोर्डावर लागोपाठ पाच-सहा सोंगट्या घेणाऱ्या मुलाचे घरोघरी कौतुक होते. वाचकहो, अमेरिकेत स्ट्रेट पूल नावाचा टेबलावरचा खेळ आहे. त्यातील कसलेले खेळाडू एका खेपेत शंभर चेंडू घेतात, हे ऐकले तेव्हा आम्हांस ते केवळ हाताचे कसब वाटले होते. आमची समजूत अपुरी होती.

पंधरा चेंडू त्रिकोणात रचलेले असतात. कोणता चेंडू कोणत्या भोकात घालणार हे आधी सांगून, काठीने पांढरा चेंडू मारून एकेक घ्यावयाचा. चुकले की पाळी दुसऱ्याची. चौदा संपले की ते पुन्हा त्रिकोणात रचतात. पंधरावा मात्र जागीच राहतो. आता हा पंधरावा भोकात घालावयाचा आणि त्याच फटक्यात पांढऱ्या चेंडूने नवा त्रिकोण फोडावयाचा! त्यासाठी पंधरावा त्रिकोणाजवळ हवा, पांढरा त्याच्याशी तिरका हवा. आणि ही तजवीज चार-पाच चेंडू आधीपासून करावी लागते. समोरचे सोपे चेंडू घाईने उचलणारा येथेच अडतो. शंभरीसाठी हे सात वेळा साधावे लागते.

हिशेबही निष्ठुर आहे. शंभर फटक्यांत सरासरी एकच चुकणारा खेळाडू दहा प्रयत्नांत चार वेळाही शंभरी गाठत नाही. शंभरात पाच चुकणारा दोनशे प्रयत्नांत जेमतेम एकदा गाठतो.

असे असता, १९ मार्च १९५४ रोजी ओहायो प्रांतातील स्प्रिंगफील्ड येथे विली मॉस्कोनी याने एका प्रदर्शनीय सामन्यात सलग ५२६ चेंडू घेतले. हा उच्चांक पासष्ट वर्षे टिकला. २०१९ साली कॅलिफोर्नियात जॉन श्मिट याने ६२६ केले, आणि पुढे सातशेचाही आकडा ओलांडला गेला. श्मिटचे टेबल नऊ फुटी, मॉस्कोनीचे आठ फुटी, म्हणून कित्येक जण श्मिटलाच श्रेष्ठ मानतात. तथापि श्मिट महिनोन् महिने त्या एकाच आकड्याच्या पाठीस लागला होता. मॉस्कोनी त्या दिवशी उच्चांकासाठी नव्हे, लोकांसमोर नेहमीचा सामना खेळावयास आला होता. आमचा कौल मॉस्कोनीला.

लहानपणी बापाने खेळण्यास मनाई केली, तेव्हा हा मुलगा झाडूचा दांडा घेऊन बटाट्यांवर सराव करी, असे सांगतात. वेड्यावाकड्या बटाट्याचा नेम त्याने कसा साधला असेल, हे कोडे आम्हांस अद्याप सुटलेले नाही.