हरवलेल्या बॉलचा अभिमान

पहिल्या टीवर उभे होतो. ग्लोव्ह चढवता चढवता यजमान म्हणाला, "आमचा स्लोप एकशे पंचेचाळीस आहे." जावयाचं पॅकेज सांगावं अशा आवाजात.

न्यू जर्सीतला हा एक खासगी क्लब. नाव सांगत नाही, कारण तिथलं सँडविच मी त्याच्या खर्चानं खाल्लं आहे. तो माझ्याच ऑफिसातला, वयानं आणि पगारानं बराच वरचा सहकारी. मी अठ्ठावीस वर्षांचा, कोड लिहून पोट भरणारा. काउंटीच्या सार्वजनिक कोर्सवर शनिवारी पहाटे रांग लावून गोल्फ शिकलो. हँडिकॅप वीसच्या आसपास, म्हणजे चारचौघांसारखा. पाच तासांनी मी क्लबहाउसला परतलो तेव्हा बॅगेतले अकरा बॉल कमी झाले होते. त्या पाच तासांतला बराच वेळ मी गुडघाभर गवतात क्लबनं ढोसत फिरत होतो. गाडीकडे जाताना यजमानानं विचारलं, "अवघड आहे ना? मजा आली ना?" हे त्यानं एका श्वासात, एकच प्रश्न असल्यासारखं विचारलं.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते एकच मानले जातात, म्हणून कितीतरी चांगल्या जमिनींची माती झाली आहे.

आधी त्या आकड्याकडे पाहू, कारण आकडा दिसला की माझा हात शिवशिवतो. स्लोप म्हणजे अवघडपणा, असं बहुतेक सभासद धरून चालतात. तसं ते नाही. अमेरिकन गोल्फ संघटना प्रत्येक कोर्सला दोन अंदाज देते. तरबेज, म्हणजे शून्य हँडिकॅपचा खेळाडू तिथं किती फटक्यांत खेळेल हा एक, आणि माझ्यासारखा वीसच्या आसपासचा, म्हणजे 'बोगी गोल्फर' किती फटक्यांत खेळेल हा दुसरा. दोन्ही आकड्यांची वजाबाकी करायची आणि पुरुषांसाठी तिला ५.३८१ नं गुणायचं, की आला स्लोप. कमीत कमी ५५, जास्तीत जास्त १५५, प्रमाण मानलेला ११३.

आता दोन काल्पनिक कोर्स घ्या. दोन्हींवर तरबेज खेळाडूला ७४ फटके लागतात. एकावर मला १०१ लागतात, दुसऱ्यावर ९६. पहिल्याचा स्लोप १४५, दुसऱ्याचा ११८. तरबेज माणसासाठी दोन्ही कोर्स तितकेच अवघड. फरक आहे तो फक्त माझ्या हालांचा. म्हणजे स्लोप छातीवर मिरवणारा क्लब प्रत्यक्षात सांगत असतो, की ज्याला खेळता येतं त्याला आम्ही फार त्रास देऊ शकत नाही, पण ज्याला येत नाही त्याला मात्र सोडत नाही. आणि त्या क्लबाचे बहुसंख्य सभासद दुसऱ्या गटातले! स्वतःच्या छळासाठी भरभक्कम वर्गणी भरून वर त्याचा आकडा पाहुण्याला ऐकवायचा, ही भक्ती मला आषाढी वारीतही दिसली नाही. वारकऱ्याला निदान विठोबा भेटतो.

अवघड करणं सोपं असतं. दोन्ही बाजूंना तळं खणा, फेअरवे अरुंद करा, गवत वाढू द्या. झाला कोर्स अवघड. याला अक्कल लागत नाही, बजेट लागतं. आमच्या धंद्यातही पासवर्डच्या नियमांत सतरा अटी घालून 'सुरक्षा' केल्याचं समाधान मिळवणारे लोक आहेत. जात तीच.

या पंथाचं मूळ देवस्थान म्हणजे पिट्सबर्गजवळचं ओकमाँट. हेन्री फाउन्स या पोलाद उद्योगातल्या माणसानं १९०३ मध्ये ते उभारलं. त्याचा आणि त्याच्या मुलाचा बाणा असा, की चुकीच्या फटक्याला शिक्षा झालीच पाहिजे आणि ती भरून निघता कामा नये. बंकरमधली वाळू सपाट न करता रुंद दातांच्या जड दंताळ्यानं तिच्यात नांगरल्यासारखे तास पाडत, म्हणजे बॉल खाचेत बसलाच पाहिजे. १९३५ च्या यू. एस. ओपनमध्ये तिथं जीन सॅराझेनसारख्या खेळाडूचा पट घरंगळत ग्रीनबाहेर गेला. ते पाहून एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या प्रेक्षकानं ग्रीनचा वेग मोजायचं साधन बनवलं. आज जगभर वापरतात तो स्टिम्पमीटर हाच. २०२५ मध्ये तिथंच झालेल्या यू. एस. ओपनमध्ये चार दिवसांअखेर पारपेक्षा कमी फटक्यांत एकच माणूस उरला, जे. जे. स्पॉन, आणि तोही जेमतेम एकानं.

तरीही ओकमाँटच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मी लबाडी करतोय असं होईल. तिथं तळी नाहीत. मधल्या काळात लावलेली हजारो झाडंही क्लबानं नंतर तोडून टाकली. माणूस तिथं रडतो, पण बॉल बहुतेक वेळा डोळ्यांसमोर असतो. ओकमाँटची नक्कल करणाऱ्यांनी शिक्षा तेवढी उचलली. बॉल सापडतो, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

आणि माझ्या मते मुद्दा इथंच आहे. लहानपणी आमच्या सोसायटीत नियम होता, पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या गॅलरीत बॉल गेला की आउट. तो नियम क्रिकेटचा नव्हता, काकूंच्या भीतीचा होता. खेळातली शिक्षा ही खेळाचाच पुढचा डाव असायला हवी. बंकरमध्ये बॉल अडकला तर पुढचा फटका अवघड होतो, पण फटका असतो. डोकं चालवावं लागतं, कधी मागे खेळावं लागतं, कधी चमत्कार होतो. बॉल हरवला की तीन मिनिटं शोधायचं (२०१९ पर्यंत पाच मिळायची), मग एक फटका दंड घेऊन जिथून मारला तिथं परत चालत जायचं. यात डाव कुठं आहे? ही लॉग न ठेवता कोसळणाऱ्या प्रोग्रॅमची गत आहे. काय चुकलं ते कळत नाही, फक्त सगळं पुन्हा सुरू करावं लागतं.

हे मी नव्यानं शोधलेलं नाही. अॅलिस्टर मॅकेंझी हा यॉर्कशरचा डॉक्टर. बोअर युद्धात त्यानं शत्रूच्या लपण्याच्या कलेचा अभ्यास केला आणि पुढं वैद्यकी सोडून गोल्फ कोर्स आखू लागला. १९२० मध्ये त्यानं चांगल्या कोर्सची तेरा तत्त्वं पुस्तकात मांडली. हरवलेले बॉल शोधण्याची कटकट अजिबात नसावी, हे त्यातलंच एक. शंभर वर्षं झाली. क्लबांच्या समित्या अजून गवत वाढवतायत.

बॉबी जोन्सची गोष्ट तर मला कुठल्याही सिद्धान्तापेक्षा पटते. १९२१ मध्ये एकोणीस वर्षांचा हा पोरगा सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर ओपन खेळायला आला. तिसऱ्या फेरीत अकराव्या होलच्या बंकरमध्ये अडकला आणि वैतागून स्पर्धाच सोडून दिली. त्याला तो कोर्स निव्वळ अन्यायी वाटला. मग तो परत आला, पुन्हा पुन्हा खेळला, आणि १९२७ मध्ये तिथंच ओपन जिंकला. ओल्ड कोर्स एकदाच खेळणाऱ्याला मैदान मोकळं दिसतं, कुठंही मारावं असं. बॉल हरवणं तिथं तसं कठीण. पण मारलेला बॉल 'चुकीच्या मोकळ्या जागेत' पडला की पुढचा फटका बंकरवरून, उतारावर जाणाऱ्या ग्रीनवर मारावा लागतो. रुंदी म्हणजे सवलत नव्हे. रुंदी म्हणजे चुकायला जास्त मार्ग, आणि त्यातले निम्मे मोहात पाडणारे.

पुढं याच जोन्सनं मॅकेंझीला घेऊन ऑगस्टा नॅशनल आखलं. खासगी म्हणजे किती खासगी, तर आत जायला निमंत्रणच लागतं. तरी सुरुवातीला तिथं रुंद फेअरवे, रफ जवळपास नाहीच, आणि बंकर फक्त वीस-बावीस. तेरावा होल पाहा. डावीकडे वळणारा, डाव्या कडेनं आणि ग्रीनसमोरून ओढा. ओढ्याला बिलगून मारलात तर पुढचा फटका जवळून आणि सपाट जागेवरून मिळतो. घाबरून उजवीकडे मारलात तर लांबून, आणि बॉल पायांपेक्षा उंचावर, म्हणजे फटका आपोआप डावीकडे, ओढ्याकडे वळणार. ज्यानं आधी धोका टाळला त्याच्यासमोर तोच धोका मोठा होऊन येतो. आणि माझ्यासारख्यानं काय करायचं? निमूट तीन छोटे फटके मारायचे. तळं ओलांडायची सक्ती नाही, लाज नाही, बॉल तोच. एकाच ओढ्यानं व्यावसायिकाची झोप उडवली आणि मलाही खेळू दिलं. (नंतर तिथंही झाडं लावली, रफ वाढवलं. देवस्थानांनाही समित्या असतात.)

"रफ काढलं तर मोठे खेळाडू कोर्स धुऊन काढतील," असं समितीवाले म्हणतात. पाइनहर्स्ट नंबर दोनचा कोर्स खासगी नाही, पण उत्तर तिथं आहे. २०११ पर्यंत बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी तिथलं रफ काढून वाळू आणि रानटी गवत परत आणलं. फेअरवे रुंद केले. डोनल्ड रॉसचे उलट्या ताटलीसारखे ग्रीन तसेच राहिले. २०१४ मध्ये त्याच कोर्सवर लागोपाठ दोन आठवड्यांत पुरुषांची आणि महिलांची यू. एस. ओपन झाली. पुरुषांत मार्टिन कायमर एकटाच पळाला. त्याच्याशिवाय पारखाली आले ते दोघंच, तेही एकेकानं. महिलांत पारखाली एकटी मिशेल वी. कुणी काही धुतलं नाही.

खासगी कोर्सबद्दल मला जास्त चीड येते ती यासाठी, की त्यांना हे परवडतं. सार्वजनिक कोर्सवर माणूस एकदा येतो, फोटो काढतो, जातो. त्याला भव्य धबधबा दाखवला तर मी समजू शकतो. खासगी क्लबचा सभासद तीच अठरा होल वर्षातून पन्नास वेळा, वीस वर्षं खेळतो. त्याला हवा असतो हळूहळू उलगडणारा कोर्स: आज वारा पश्चिमेचा आहे, झेंडा मागे डावीकडे आहे, म्हणजे काल चुकीची वाटलेली बाजू आज बरोबर. तळं रोज तेच असतं. त्यात पडलेल्या बॉलला वाऱ्याशी देणंघेणं नसतं. पण मासिकांच्या याद्या! गोल्फ डायजेस्टची प्रसिद्ध यादी १९६६ मध्ये सुरू झाली ती अमेरिकेतल्या सर्वांत 'अवघड' दोनशे कोर्सची म्हणून. 'सर्वोत्तम' हा शब्द नंतर आला. मूळ सवय काही सुटली नाही.

इथं वाचक म्हणेल, श्रीमंतांच्या कुरणातल्या या दुःखाचं आम्ही काय करावं? रास्त आहे. मी स्वतः पुण्यात येरवड्याच्या गोल्फ क्लबवरून पीएमटीतून कित्येक वर्षं गेलो, आत काय चालतं याची उत्सुकताही न बाळगता. पण एवढी जमीन, एवढं पाणी मूठभर लोकांसाठी राखायचं आणि त्या मूठभरांनाही तिथं जेरीस आणायचं, हे समर्थन तर आणखीच अवघड. रुंद फेअरवे, कमी रफ, कमी तळी, म्हणजे पाणी आणि माळीकामही कमी लागेल अशी आखणी शक्य आहे. पाइनहर्स्टला गवताबरोबर शेकडो स्प्रिंकलरही काढले गेले.

गेल्या आठवड्यात यजमानाचा निरोप आला. चौदाव्या होलला ग्रीनसमोर नवं तळं होतंय, स्लोप वाढणार, पुढच्या वसंतात ये. येतो म्हणालो. पुढच्या टीवरून खेळेन म्हणालो, तर तो हसला. मग मी दुसरी अट घातली, की बॉल तू आणायचे. अजून उत्तर आलेलं नाही.