आधी हद्द, मग पाया

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. नववीच्या वर्गातील दोन विद्यार्थी एकाच बाकावर बसत असूनही आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. गणिताचा तास संपल्यावर मी दोघांना जवळ बोलावून कारण विचारले. प्रथम दोघेही खाली मान घालून उभे राहिले. मग एकजण म्हणाला, "सर, ह्याने माझ्या जागेत किल्ला बांधला." दुसरा तत्काळ उत्तरला, "सर, जागा मोकळीच होती. तिथे ह्याचे नाव कुठे लिहिले होते?"

हा किल्ला दगडमातीचा नव्हता. 'माइनक्राफ्ट' नावाच्या संगणकीय खेळात वर्गातील सात-आठ मुलांनी मिळून एक जग मांडले आहे; तेथील ठोकळ्यांचा तो किल्ला. हे ऐकून मला हसू आले. परंतु ते फार वेळ टिकले नाही. कारण "नाव कुठे लिहिले होते?" हे वाक्य मी लहानपणी आमच्या शेताच्या बांधावर ऐकले होते, आणि मोठेपणी एकदा स्वतःच्या मनाशी उच्चारलेही होते.

आपण सीमाभागात राहणारी माणसे. 'सीमा' हा शब्द आपल्या घरांत मोठ्या अर्थाने वापरला जातो. त्या मोठ्या प्रश्नाचे हे स्थळ नव्हे. मला लिहावयाचे आहे ते दोन शेजाऱ्यांमधील लहानशा रेषेविषयी. माझे मत थोडक्यात असे की, जग मातीचे असो वा पडद्यावरचे, बांधकामाचे पहिले काम पाया खणणे हे नसून हद्द शोधणे हे होय. आणि हे काम बांधणाऱ्याचे आहे, शेजाऱ्याचे नव्हे.

प्रथम ह्या मुलांच्याच खेळाकडे पाहू. साध्या माइनक्राफ्टला जमिनीचा मालक ठाऊक नसतो. तेथील जग घनाकृती ठोकळ्यांचे असून संगणक ते सोळा ठोकळे लांब आणि सोळा ठोकळे रुंद अशा तुकड्यांनी हाताळतो. संगणकावरील 'जावा' आवृत्तीत एफ-३ आणि जी ही दोन बटणे एकत्र दाबली असता ह्या तुकड्यांच्या कडा रेषांनी दिसू लागतात. काही मुले त्यांनाच हद्द समजतात; पण ती चूक आहे. त्या रेषा यंत्राच्या सोयीच्या आहेत. जागा कोणाची, हे त्यांवरून कळत नाही. यास्तव जेथे अनेक अनोळखी माणसे एकत्र खेळतात, तेथील चालक खेळाला निराळी जोड देतात. 'ग्रीफ प्रिव्हेन्शन' ही अशीच एक जोड. तीत खेळाडू सोन्याच्या फावड्याने आपल्या जागेचे तिरपे समोरासमोरचे दोन कोपरे नेमून देतो. पुढे दुसऱ्या कोणी हातात साधी काठी घेऊन ती त्या जमिनीवर रोखली, म्हणजे जागा कोणाची आहे ते त्यास समजते आणि तिच्या कडा उजळून दिसतात. फावडे मालकाचे आणि काठी शेजाऱ्याची. मालकाने एकदा फावडे चालवले की त्याचे काम झाले. काठी मात्र प्रत्येक बांधणाऱ्याने दर वेळी हाती घ्यावयाची असते.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. २०२० सालच्या टाळेबंदीत शाळा बंद होत्या. त्या रिकामपणात मी 'सेकंड लाइफ' नावाच्या जगात शिरलो. अमेरिकेतील लिंडन लॅब ह्या कंपनीने ते २००३ साली लोकांसाठी खुले केले. त्यात हार-जीत नाही. माणसे तेथे एक रूप धारण करून हिंडतात, बोलतात आणि मुख्य म्हणजे बांधतात. जमीन खऱ्या पैशांनी घ्यावी लागते. तेथील एक प्रदेश २५६ मीटर लांब व तितकाच रुंद, म्हणजे ६५,५३६ चौरस मीटरांचा असतो. आपल्या हिशेबाने सोळा एकरांहून थोडा अधिक. त्याचे लहान-मोठे भाग पडतात. लहानात लहान भाग चार मीटर लांब आणि चार मीटर रुंद. मी घेतलेली जमीन १,०२४ चौरस मीटरांची होती. तेहतीस फुटी साखळीचा एक चौरस म्हणजे गुंठा, हे ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना ठाऊक आहे. त्या मापाने ही जमीन दहा गुंठ्यांच्या आसपास भरते.

ह्या जमिनीवर मी चौसोपी वाडा बांधण्यास घेतला. गावातील आमचा जुना वाडा पडला, त्याची आठवण मनात होती. जोते, ओसरी, माजघर झाले. मागील दारी तुळशीवृंदावन हवे म्हणून तेही घडवले आणि जरा मागे, जरा मागे असे सरकवीत हिरवळीवर नेऊन ठेवले. डोळ्यांना सारी हिरवळ सलग दिसत होती. मध्ये ना बांध, ना दगड, ना कुंपण. ती हिरवळ माझीच, असे मी समजलो.

वस्तुतः हद्द पाहण्याची सोय माझ्या हाताशीच होती. तेथील यादीत जमिनीच्या रेषा दाखवण्याची आज्ञा आहे. ती दिली असता प्रत्येक जमिनीच्या कडेने रंगीत पट्टी उमटते. आपल्या जमिनीची पट्टी हिरवी, परक्याच्या जमिनीची तांबडी आणि विक्रीस असलेल्या जमिनीची पिवळी दिसते. ही आज्ञा देण्यास एक क्षण पुरतो. तो क्षण मी दिला नाही. कारण रेषा आखलेले चित्र मला कुरूप वाटत असे.

तीन दिवसांनी मला एक निरोप आला. धाडणारी व्यक्ती कोण आणि कोणत्या देशाची, हे मला आजही ठाऊक नाही. निरोपाचा आशय असा होता: "तुमची ही लहानशी वेदी सुंदर आहे. परंतु ती माझ्या जमिनीत आहे. तिच्यामुळे माझ्या बागेतील शेवटचे झाड मला लावता येत नाही. आपण ती स्वतः हलवाल का?"

माझ्या वृंदावनामुळे दुसऱ्याचे झाड का अडावे, हे मला प्रथम उमगले नाही. चौकशी करता कळले ते असे. त्या जगात प्रत्येक वस्तूचा यंत्रावर भार पडतो, म्हणून प्रत्येक जमिनीस भाराची मर्यादा घातलेली असते. माझ्या जमिनीएवढ्या भागास ती साधारणपणे ३५१ इतकी. वस्तूच्या मुख्य घटकाचा मध्यबिंदू ज्या जमिनीवर असेल, त्या जमिनीच्या खाती सबंध वस्तूचा भार मांडला जातो. मी हौसेने घडवलेल्या नक्षीदार वृंदावनाचा भार तीन दिवस माझा शेजारी वाहत होता. त्याच्या झाडास जागा होती, पण भाराची शिल्लक उरली नव्हती.

आणखी एक गोष्ट मला कळली, आणि तिनेच मी अधिक खजील झालो. जमिनीच्या मालकास आपल्या हद्दीतील परक्याची वस्तू एका आज्ञेने परत धाडता येते. अशी वस्तू मूळ मालकाच्या सामानात 'हरवले-सापडले' अशा नावाच्या कप्प्यात जाऊन पडते. माझ्या शेजाऱ्याने तो अधिकार वापरला नाही, आधी विचारले. मी त्याच घटकेस रेषा उजळून पाहिल्या. तांबडी पट्टी वाड्याच्या मागील भिंतीपासून अवघ्या दोन पावलांवर होती. वृंदावन मी मधल्या चौकात आणले, क्षमा मागितली आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो पलीकडे झाड उभे होते.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की पडद्यावरील जमीन मुळी खोटी. मग तिच्या हद्दीचे एवढे कौतुक कशास? जमीन खोटी असेल. पण तीवर खर्चिलेला वेळ खरा असतो, श्रम खरे असतात आणि आपल्यामुळे अडणारा मनुष्यही खराच असतो. आपल्या वर्गातील ते दोन मित्र आठ दिवस खरोखरच बोलत नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. परक्याच्या जागेत वस्तू जाऊ नये, तर यंत्रानेच ती अडवावी; माणसाने का लक्ष ठेवावे? तशी सोय आहे. सेकंड लाइफमध्ये परक्यांच्या वस्तूंस आपल्या जमिनीत मज्जाव करता येतो. माझ्या शेजाऱ्याने तो केलेला नव्हता. परंतु मोकळीक म्हणजे परवानगी नव्हे. दार उघडे दिसले म्हणून आपण कोणाच्या माजघरात पलंग नेऊन ठेवीत नाही. प्रत्येकाने शेजाऱ्याच्या निष्काळजीपणास भिऊन दारे लावून घेतली, तर त्या जगाचे काय होते, हेही मी पाहिले आहे. काही मालक आपल्या जमिनीत माणसांनाच बंदी करतात. अशा जागेजवळून जाताना प्रवेशबंदीची उभी जाळी एकाएकी समोर उभी राहते आणि वाटसरू तिच्यावर आदळतो. हिंडावयास आलेल्या माणसास त्या प्रदेशात पुन्हा फिरकावेसे वाटत नाही. मालकाचा तो हक्क मी नाकारीत नाही. पण जेथे बांधणारे हद्द पाहून बांधतात, तेथे अशा जाळ्यांची गरज कमी पडते, एवढे निश्चित.

रेषेवर श्रद्धा ठेवताना ती कोणाच्या वहीत आखलेली आहे, हेही ध्यानात असावे. आपल्या शेताची नोंद शासनाच्या दप्तरी असते आणि वाद झाला तर न्यायालय निराळे असते. पडद्यावरील जगात जमीन घडवणारी, नोंद ठेवणारी आणि निवाडा करणारी बहुधा एकच कंपनी असते. २००६ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका वकिलाने लिंडन लॅबवर दावा लावला होता. त्याने लिलावात अयोग्य मार्गाने स्वस्त जमीन मिळवली असे म्हणून कंपनीने त्याचे खाते बंद केले आणि त्याची बाकीची जमीनही त्यासरशी गेली. वाद लवादापुढेच चालावा ही कंपनीची मागणी न्यायालयाने २००७ साली फेटाळली. त्याच वर्षी उभयपक्षी तडजोड झाली. 'ही जमीन खरोखर कोणाची?' ह्या प्रश्नाचा निकाल त्या खटल्यात लागलाच नाही. तेव्हा मुलांनी तेथे पैसे घालण्यापूर्वी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे, हे सांगणे मी कर्तव्य समजतो. मात्र मालकी कच्ची असली म्हणून शेजारधर्म कच्चा होत नाही. भाड्याच्या घरातही आपण शेजाऱ्याच्या दारात केर लोटीत नाही.

आता बांधाची गोष्ट सांगून संपवतो. आमचे शेत आणि तात्यांचे, म्हणजे माझ्या चुलत्यांचे, शेत एकमेकांस लागून आहे. मधल्या बांधावरून आबा आणि तात्या अकरा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. बांध तात्यांनी कोरला, अशी आमच्या घरी सर्वांची खात्री होती, माझीही होती. त्या तुळशीवृंदावनाच्या प्रकारानंतर माझ्या मनात आले, की आपल्याला खात्री आहे, पण आपण रेषा पाहिली आहे काय? टाळेबंदी उठल्यावर मी आबांना म्हटले, "आपण मोजणी करून घेऊ." ते म्हणाले, "मोजायचे काय त्यात? उघड्या डोळ्यांनी दिसते आहे." हिरवळ पाहताना मीही हेच म्हटले होते. अखेर त्यांनी अर्ज केला.

मोजणीदार आले. नकाशावरून मापे धरीत त्यांनी एका जागी खणावयास सांगितले. हातभर खोल हद्दीचा जुना दगड लागला. तो आमच्या शेतात होता, बांधापासून दोन हात आत. म्हणजे इतकी वर्षे तात्यांची दोन हात जमीन आम्हीच नांगरीत होतो. बांध केव्हा सरकला आणि कोणाच्या हातून सरकला, हे सांगणारे आता कोणी हयात नाही. आबा चार दिवस कोणाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी ते स्वतः कुदळ घेऊन गेले आणि नवा बांध घालू लागले. दुपारी तात्या आले. दोघेही काही बोलले नाहीत. पण संध्याकाळपर्यंत बांध दोघांनी मिळून घातला.

नववीतील त्या दोघांना मी ही हकीकत सांगितली. किल्ला बांधणारा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "सर, आता किल्ला पाडावा लागेल का?" मी म्हटले, "ते मला काय विचारतोस? ज्याची जागा आहे, त्याला विचार." त्याने तेथेच, माझ्यासमोर, आपल्या मित्रास विचारले.

किल्ला पाडला गेला नाही. त्याचा एक दरवाजा जागेच्या मालकाकडे उघडावा, एवढीच अट पडली. आता त्या जगात मुलांनी एकमेकांच्या जागांच्या कडेने पांढऱ्या लोकरीच्या ठोकळ्यांच्या ओळी मांडल्या आहेत, आणि नवे काही बांधण्यापूर्वी त्या ओळी पाहावयाच्या, असा नियम त्यांनी आपण होऊन केला आहे. परवा ते दोघे मधल्या सुट्टीत एका डब्यातून जेवताना दिसले.