संपादकाची लेखणी आणि उमरग्याचा लेखक

जानेवारी 2020 मध्ये 93वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला भरले. निजामी राजवटीत ज्या भागात मातृभाषेतून शिकणेही दुरापास्त होते, त्या भागाला हा मान मिळाला, ही समाधानाचीच गोष्ट होती. भाषणे झाली, ठराव झाले, ग्रंथांची विक्री झाली. परंतु लेखकाच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा असलेला एक प्रश्न अशा सोहळ्यांत सहसा कोणी विचारीत नाही. उमरग्यासारख्या तालुक्याच्या गावी कोणी काही लिहिले, तर ते छापले जाण्यापूर्वी आस्थेने आणि अधिकाराने वाचणारा माणूस त्याला मिळतो का?

पुस्तक लेखक लिहितो, छापखाना छापतो आणि दुकानदार विकतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. या साखळीतला संपादक वाचकाला दिसत नाही. वास्तविक त्याचे काम तिहेरी आहे. आलेल्या लेखनातून तो निवड करतो, निवडलेले लेखन लेखकाच्या संमतीने सुधारतो, आणि अपरिचित नावामागे आपल्या नियतकालिकाची पत उभी करतो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर नवोदिताच्या पहिल्या लेखनाचा धोका संपादक पत्करतो. वस्तूवर त्याचे नाव नसते, पण तिच्यात त्याचे श्रम असतात. न दिसणाऱ्या श्रमाची किंमत बाजार करीत नाही, हा नियम येथेही लागू पडतो.

या श्रमाचा मराठीतला सर्वांत ठळक नमुना म्हणजे ‘सत्यकथा’. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी संपादन ही एक शिस्त म्हणून रुजवली. कथा परत पाठवताना ती का परत येत आहे, कोठे सैल पडली आहे, हे लेखकाला कळवावे. आवश्यक तर पुन्हा लिहून मागवावी. स्वीकारलेल्या मजकुराचा शब्द न् शब्द तपासावा, अशी ही रीत होती. कित्येक लेखक त्या पत्रांवर वाढले.

पण या शिस्तीला दुसरी बाजूही होती. ज्या अभिरुचीच्या चाळणीतून लेखन जात होते, ती चाळणी शहरी, सुशिक्षित, उच्चवर्णीय मध्यमवर्गाच्या जीवनातून घडलेली होती. गावकुसाबाहेरचे जगणे त्या चाळणीत अडकून पडे. 1969 मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईत ‘सत्यकथे’चा अंक जाळला, तो या कोंडीविरुद्धचा संताप होता. त्या संतापात न्याय होता, हे समाजवादी विचारांच्या माणसाने निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे.

तथापि त्या घटनेचा अर्थ लावताना आज एक चूक होते. दारावरचा पहारा आणि घरातली मेहनत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बंड होते ते पहाऱ्याविरुद्ध. बंड करणाऱ्या पिढीने संपादनाचे काम टाकून दिले नाही, ते आपल्या हाती घेतले. अशोक शहाणे यांनी ‘असो’ काढले, भालचंद्र नेमाडे यांनी ‘वाचा’ चालवले, स्वतः ढाले अनियतकालिकांचे संपादक झाले. साहित्यातली सत्ता कोणा एकाच्या हाती असू नये, याचा अर्थ साहित्यात कोणी कोणाचे लिखाण तपासू नये असा होत नाही.

मराठवाड्याला तर हा धडा घरातच मिळाला आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत उमरगा हैदराबाद संस्थानात होते. त्या काळात आ. कृ. वाघमारे यांनी 1938 मध्ये ‘मराठवाडा’ हे पत्र संस्थानाच्या हद्दीबाहेरून सुरू केले. बंदी आली की नाव बदलून ते पुन्हा निघे. पुढे अनंत भालेराव यांनी त्याच पत्राला या प्रदेशाच्या लिहित्या माणसांचे व्यासपीठ केले. लेखक आपोआप उगवत नाहीत. ज्या मातीत शाळा, छापखाना आणि ग्रंथालय उशिरा आले, तेथे संपादकाला लेखक शोधावे लागतात.

याहूनही मोठे उदाहरण ‘अस्मितादर्श’चे. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेत 1967 मध्ये हे त्रैमासिक सुरू केले. डॉ. आंबेडकरांनी 1950 मध्ये स्थापन केलेल्या महाविद्यालयातून खेड्यापाड्यांतली दलित मुले शिकून बाहेर पडत होती. त्यांच्यापाशी अनुभव होता, जिद्द होती, पण लिहिलेले पाठवायचे कोठे, हा प्रश्न होता. पानतावणे यांनी अध्यापकाची नोकरी सांभाळून हे काम जवळजवळ अर्धशतक, 2018 मध्ये निधन होईपर्यंत केले. नवख्या कवीला पत्र लिहावे, त्याला मेळाव्यात बोलवावे, कच्ची कविता परत पाठवताना माणूस परत पाठवू नये, हे त्यांचे व्रत होते. ‘सत्यकथा’ 1982 मध्ये बंद पडली. मराठवाड्यातले हे त्रैमासिक त्यानंतरही निघत राहिले. दलित साहित्याचा इतिहास लेखकांच्या नावांनी सांगितला जातो; तो संपादकाच्या टपालखर्चाच्या वहीनेही सांगता येईल.

संपादकाला प्रसंगी लेखकासाठी अंगावर वारही घ्यावे लागतात. 15 ऑगस्ट 1972 रोजी स्वातंत्र्याच्या पंचविशीनिमित्त ‘साधना’चा विशेषांक अनिल अवचट यांच्या संपादनाखाली निघाला आणि त्यातील राजा ढाले यांच्या ‘काळा स्वातंत्र्यदिन’ या लेखाने महाराष्ट्रात वादळ उठले. ‘साधना’चे संपादक तेव्हा यदुनाथ थत्ते होते. साने गुरुजींनी स्थापन केलेल्या साप्ताहिकात तो लेख छापला गेला, ही घटना त्यातील भाषेबद्दलच्या मतभेदांपेक्षा मोठी आहे. तो लेख कोणाच्या खाजगी पत्रकात छापला असता, तर त्याची एवढी दखल घेतली गेली असती काय?

पैशाची बाजूही सुटू शकते, हे ‘ग्रंथाली’ने दाखवले. दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचकांनाच सभासद करून घेऊन पुस्तकाला आधीच गिऱ्हाईक मिळवून दिले. दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 मध्ये आणि लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’ 1980 मध्ये अशा वाचक-चळवळीतून लोकांपुढे आले. भांडवल वाचकांचे, जबाबदारी संपादकाची आणि अनुभव लेखकाचा, असा हा सहकार होता.

आज चित्र नेमके उलटे झाले आहे. तालुक्याच्या गावी राहणारा शिक्षक, एसटीचा वाहक किंवा शेतकरी कविता लिहितो. प्रकाशक ती वाचतही नाही. पृष्ठे मोजतो आणि खर्चाचा आकडा सांगतो. लेखक पतसंस्थेतून कर्ज काढतो, ठरलेल्या प्रती स्वतःच विकत घेतो आणि नातेवाइकांना वाटतो. महाविद्यालयीन अध्यापकांच्या बढतीसाठी पुस्तकाला गुण मिळू लागल्यापासून या धंद्याला आणखी बरकत आली. प्रकाशकाचा नफा पुस्तक विकले जाण्यावर अवलंबून न राहता छापले जाण्यावर अवलंबून राहिला, की संपादक हा निरुपयोगी खर्च ठरतो. धोका सगळा लेखकाच्या माथी, नफा प्रकाशकाच्या पदरी. शेतमालाच्या बाजारात असे घडले की मोर्चा निघतो. पुस्तकाच्या बाजारात असे घडले की प्रकाशन समारंभ होतो.

यात सर्वाधिक नुकसान कोणाचे होते? मुंबई-पुण्याच्या लेखकाला जाणकार मित्र असतात. हस्तलिखित वाचून कान धरणारा कोणी तरी त्याला भेटतो. उमरग्याच्या लेखकाला तो मिळत नाही. त्याचे पहिले पुस्तक हाच त्याचा कच्चा खर्डा असतो, आणि त्यावरून त्याची कायमची किंमत ठरते. प्रतिभा सर्वत्र सारखी वाटलेली असेलही. संपादन मात्र जमिनीसारखेच विषम वाटलेले आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की आता प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे, लिहिले की त्याच क्षणी लोकांपुढे जाते, मग मध्यस्थ हवा कशाला? मध्यस्थ गेला हे खरे, पण सोबतीही गेला. टाळ्या वाजवणारे शंभर जण मिळाले तरी चौथी ओळ खोटी आहे हे सांगणारा एक मिळत नाही; आणि काय पुढे न्यायचे हे आता माणसाऐवजी जाहिरातीचा हिशेब ठरवतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संपादक म्हणजे पुन्हा प्रमाणभाषेची कात्री, असे अनेकांना वाटते. उमरगा बिदर आणि कलबुर्गीच्या सीमेवरचे गाव. तेथल्या मराठीला कन्नडचा शेजार आहे, दखनी उर्दूचा सहवास आहे. ‘काय करायलाव’ हे तिथल्या बोलण्यातले क्रियापद परक्या संपादकाने ‘काय करतो आहेस’ असे केले, तर वाक्य शुद्ध होते आणि माणूस मरतो. ऊसतोड मजुराची ‘उचल’ म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली मजुरी, आणि त्या एका शब्दात वर्षभराची वेठ आहे, हे ज्याला ठाऊक नाही त्याने त्या शब्दावर लेखणी चालवू नये; आधी विचारावे. पण म्हणूनच संपादक मुंबईहून आयात करून भागणार नाही. कोणता शब्द बोलीचा आहे आणि कोणता निव्वळ आळसाचा, हे तिथलाच जाणता वाचक सांगू शकतो.

मग करायचे काय? महाराष्ट्राने 1967 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि अनुदानित वाचनालये गावोगावी उभी राहिली. त्यांतील अनेक आज वर्तमानपत्रांपुरती उघडतात. तालुका वाचनालयात चार-पाच जाणत्या वाचकांचे मंडळ बसवणे कार्यकर्त्यांना अशक्य नाही. निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल, एखादी वाचणारी अंगणवाडी सेविका, एखादा जुना सेवादल सैनिक असे सभासद मिळतील. नियम तीनच असावेत. आलेले हस्तलिखित महिन्याच्या आत वाचले जावे. नकार असो वा होकार, कारण लेखी कळवावे. आणि लेखकाच्या संमतीवाचून एक शब्दही बदलू नये. जे लेखन कसाला उतरेल त्याच्या प्रती वाचकांच्या आगाऊ वर्गणीतून छापाव्यात. पैसे लेखकाकडून घ्यायचे नाहीत, हे पथ्य मोडले की बाकीचे सर्व मोडते.

हे काम किरकोळ वाटेल. मोर्चा, संप, निवडणूक यांच्यापुढे एका हस्तलिखिताचे काय महत्त्व, असे म्हणणारे कार्यकर्ते भेटतील. त्यांनी 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवावी. त्या वेळी उमरगा तालुक्यात असलेले सास्तूर आणि शेजारचे किल्लारी मातीच्या ढिगाऱ्याखाली गेले. त्या ढिगाऱ्यातून हाताला धरून बाहेर काढलेले मूल आज चाळिशीच्या आसपास आहे. मृतांचे आकडे सरकारी अहवालात आहेत, घरांचे नकाशे पुनर्वसनाच्या कागदपत्रांत आहेत. त्या रात्रीनंतरच्या आयुष्याची गोष्ट मात्र त्या माणसाकडेच आहे. ती त्याने शंभरपानी वहीत लिहिली असेल, तर ती वही मागून घेऊन, पूर्ण वाचून, ‘हे पान पुन्हा लिहा, येथे तुम्ही घाईने पुढे गेलात’ असे त्याला सांगणारे माणूस उमरग्यातच असले पाहिजे.