दुफळीचा दोष कोणाचा ?

राजकारण फार बिघडलें, पूर्वीं मतभेद असत पण मनभेद नसत, अशी तक्रार आमच्या सुशिक्षित घरांतून हल्लीं नित्य ऐकूं येते. तक्रार करणाऱ्या गृहस्थांच्या घरीं एकाच मताचें वर्तमानपत्र येतें, भ्रमणध्वनीवर त्याच मताचे निरोप येतात, आणि विरुद्ध मताच्या मेहुण्याशीं त्यांचें दोन वर्षें बोलणें नसतें. तरीहि दुफळीचें खापर ते पुढाऱ्यांच्याच माथीं फोडतात. हा कांगावा आतां पुरे झाला, असें मला स्पष्ट म्हणावयाचें आहे.

मुळांत तो सोज्ज्वळ पूर्वकाळच कल्पित आहे. आमच्या अमरावतीचेंच पहा. १८९७ सालीं येथें राष्ट्रसभा भरली, तेव्हां स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे होते. आणि याच शहरचे रावबहादुर मुधोळकर पुढें १९१२ सालीं बांकीपूरच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. एक जहाल, टिळकांचे निष्ठावंत सहकारी. दुसरे मवाळांचे धुरीण. दोघेहि वकील. १९०७ ची सभा ठरली होती नागपुरास. परंतु तेथील जहाल-मवाळांच्या तंट्यामुळें ती सुरतेस नेली. तेथें खुर्च्या उडाल्या, लाठ्या चालल्या, आणि भिरकावलेला एक जोडा सुरेंद्रनाथ बानर्जी व फिरोजशहा मेहता यांना लागला. मनभेद नव्हते म्हणे !

पण सुरतेस नांवें ठेवून थांबणें हाहि आळसच होय. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण हे कलकत्त्याचे १९०६ चे ठराव सौम्य केले जाणार कीं काय, हा तेथला प्रश्न होता. भांडण कशासाठीं, हें जोडा मारणारासहि सांगतां आलें असतें. तरी त्याची किंमत भारी पडली. १९०८ सालीं टिळकांना सहा वर्षांच्या शिक्षेवर मंडालेस धाडलें. १९०९ च्या सुधारणांचा घांस मवाळांपुढें टाकला, आणि त्याच घांसांत विभक्त मतदारसंघांचा खडा होता. लखनौस १९१६ सालीं समेट होईपर्यंत नऊ वर्षें या देशाला एका मुखानें बोलतां आलें नाहीं. खऱ्या मतभेदाचा हा परिणाम. मग मतच नसलेल्या भेदाचा काय होईल?

२०२२ च्या जूनमध्यें शिवसेना दुभंगली, २०२३ च्या जुलैंत राष्ट्रवादी काँग्रेस. कारणें दोन्हीं बाजूंनीं भरपूर दिलीं. परंतु ज्यावर मतें मोजावीं असा एखादा ठराव सामान्य मतदारास दाखवतां येईल काय? पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ सालीं झाला. सभासदांचे पाय बांधावे म्हणून तो केला, आणि बांधली गेली ती त्यांची जीभ : पक्षादेशाविरुद्ध एकट्यानें मत दिल्यास सभासदत्व धोक्यांत. पायांना मात्र वाट सांपडतच गेली.

आणि आम्ही ? २०२१ च्या नोव्हेंबरांत दूरच्या त्रिपुरांतील घटनांच्या वार्तांवरून अमरावतींत मोर्चा निघाला, दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशीं प्रत्युत्तरादाखल बंद, पुन्हां जाळपोळ, मग संचारबंदी, आणि अखेर आंतरजालहि बंद. तें बंद करावें लागलें तें दगड उचलणाऱ्या पोरांसाठीं केवळ नव्हे. ज्यांनीं आयुष्यांत दगड उचलला नाहीं, पण आलेला मजकूर न तपासतां पुढें ढकलला, त्या पदवीधरांसाठींहि.

कोणी म्हणतील, यावर तटस्थता हाच उपाय. मला तो पटत नाहीं. तटस्थ मनुष्याला कोणाचेंच म्हणणें समजून घ्यावें लागत नाहीं, म्हणून ती सोईची. पक्ष जरूर घ्यावा. मात्र प्रतिपक्षाचें म्हणणें त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडतां येईपर्यंत त्याला द्रोही म्हणूं नये, एवढी अट असावी.

आमच्या नांदगांव पेठेस औष्णिक वीजकेंद्र आहे. त्यास ऊर्ध्व वर्धा धरणाचें पाणी द्यावें कीं तें शेतीसाठीं राखावें, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. एका बाजूस कपाशी आणि संत्रा, दुसऱ्या बाजूस वीज आणि मजुरी. दोन प्रामाणिक पक्षांनीं कडाडून भांडावें असा हा प्रश्न. गेल्या निवडणुकीच्या वेळीं येथल्या चहाच्या दुकानीं मी तासभर बसलों होतों. देशद्रोही कोण आणि धर्मद्रोही कोण, याचा निकाल तेवढ्या वेळांत दोनदां लागला. धरणाचें नांव कोणी काढलें नाहीं. मींहि काढलें नाहीं.